सहावी संख्या : ४,२९,४९,६७,२९७

१/ बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत गेले की राजाचे कोठार पट संपण्याआधीच रिते होते. समजा हा पट आपण अर्ध्यावर थांबवला आणि केवळ ३२ घरे भरली, तर दाण्यांची बेरीज होते ४,२९,४९,६७,२९५. तीत आणखी दोन दाणे टाकले की जी संख्या मिळते, तिचा इतिहास हा आजच्या धाग्याचा विषय आहे.

२/ चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. सतराव्या शतकातील एका असामान्य गणितज्ञाने ही संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, असे मानले. हे मत ९२ वर्षे टिकले. ते चुकीचे ठरवण्यासाठी एक भागाकार पुरेसा होता. नेमके कोणत्या संख्येने भागायचे हे कसे कळले, ही या इतिहासातील खरी गोष्ट आहे.

३/ त्या गणितज्ञाचे नाव पिएर द फर्मा. फ्रान्समधील तुलूझ येथील उच्च न्यायालयात तो सल्लागार होता. गणित हा त्याचा व्यवसाय नव्हता आणि ग्रंथ छापण्याची त्याला हौसही नव्हती. त्याचे बहुतेक गणित पत्रांतून जगापुढे आले. पॅरिसमधील मरेन मर्सेन हा धर्मोपदेशक त्या काळच्या विद्वानांचे टपालघरच होता. एकाचे पत्र दुसऱ्याकडे पोहोचवणे, कोडी घालणे, उत्तरे मागवणे हे काम तो निष्ठेने करी. फ्रेनिकल द बेसी हा फर्माचा आणखी एक पत्रमित्र, आकडेमोडीत विलक्षण तरबेज.

४/ फर्माचा प्रश्न असा होता : २ च्या एखाद्या घातात १ मिळवला तर मूळ संख्या केव्हा मिळेल? घातांकाला विषम अवयव असेल तर उत्तर सोपे आहे. २ चा ३ रा घात अधिक १ म्हणजे ९, ५ वा घात अधिक १ म्हणजे ३३, ७ वा घात अधिक १ म्हणजे १२९. या तिन्हींना ३ ने भाग जातो. ६ वा घात अधिक १ म्हणजे ६५, त्याला ५ ने भाग जातो. हे अपघाताने घडत नाही. घातांकात १ हून मोठा विषम अवयव असला की भाग जाणारच. म्हणून आशा उरते ती केवळ १, २, ४, ८, १६, ३२ अशा, स्वतःच दोनाचे घात असलेल्या घातांकांची.

५/ या घातांकांनी मिळणाऱ्या संख्या पाहा : ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ. यानंतरची सहावी संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, अर्थात आपली ४,२९,४९,६७,२९७. सलग पाच वेळा जे खरे ठरले ते सहाव्यांदाही खरे ठरेल, आणि पुढेही ठरत राहील, असे वाटणे स्वाभाविक होते. या क्रमातील संख्यांना आज फर्मा संख्या म्हणतात.

६/ १६४० मध्ये फ्रेनिकलला लिहिलेल्या पत्रात फर्माने ही यादी सातव्या संख्येपर्यंत दिली. आपली खात्री जवळपास झाली आहे, परंतु नेमकी सिद्धता हाती नाही, हेही त्याने त्याच पत्रात प्रांजळपणे नोंदवले. १६५४ मध्ये ब्लेझ पास्कलला लिहिताना त्याने हाच प्रश्न सोडवण्याचे आवाहन केले. पुढे १६५९ च्या एका पत्रात मात्र सूर बदलला. तेथे हे विधान आपल्या पद्धतीने हाताळता येणाऱ्या निष्कर्षांच्या रांगेत बसलेले दिसते. एकोणीस वर्षांत अनुमानाचे रूपांतर जवळजवळ सिद्धांतात झाले होते. मधल्या काळात पुरावा मात्र वाढला नव्हता.

७/ पडताळणी खरोखर किती अवघड होती? एखादी संख्या मूळ आहे हे भागाकारांनी ठरवायचे तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथवर ६,५४२ मूळ संख्या आहेत. बोरू आणि शाई घेऊन दहा अंकी संख्येला साडेसहा हजार वेळा भागणे कोणालाही नकोसे वाटेल. फर्माला मात्र एवढे भागाकार करण्याचे कारण नव्हते, कारण या कामाचे हत्यार त्याने स्वतःच घडवले होते.

८/ १८ ऑक्टोबर १६४० च्या पत्रात त्याने फ्रेनिकलला एक नियम कळवला. आज तो फर्माचा लघु सिद्धांत म्हणून शिकवला जातो. एखादी मूळ संख्या घ्या. तिने ज्या पूर्णांकाला भाग जात नाही असा कोणताही पूर्णांक घ्या. त्या मूळ संख्येतून १ वजा करून जे उरेल, त्या घाताला तो पूर्णांक चढवा आणि त्या मूळ संख्येने भागा. बाकी नेहमी १ उरते. उदाहरणार्थ, २ चा ६ वा घात ६४. त्याला ७ ने भागले तर बाकी १.

९/ या विचाराचा उपयोग फर्माने त्याच वर्षी एका मोठ्या संख्येवर केलाही होता. २ च्या ३७ व्या घातातून १ वजा केला तर जी संख्या येते, ती मूळ आहे का? फर्माने युक्तिवादाने दाखवले की तिचा कोणताही मूळ विभाजक ३७ च्या एखाद्या पटीपेक्षा १ ने अधिक असला पाहिजे. चाळणी एवढी बारीक झाल्यावर २२३ हा विभाजक लवकरच हाती लागला. २२३ म्हणजे ३७ ची सहापट अधिक १.

१०/ हेच हत्यार ४,२९,४९,६७,२९७ वर चालवले असते तर काम पाच-सहा भागाकारांत आटोपले असते. मूळ संख्यांचे अंतरंग तेव्हाच्या युरोपात ज्याला सर्वाधिक कळत होते, त्यानेच आपल्या आवडत्या विधानाची परीक्षा आपल्याच कसोटीवर पार पडू दिली नाही. फर्मा १६६५ मध्ये वारला. विधान त्याच्या नावासह मागे राहिले, आणि त्या नावाचा दबदबा एवढा होता की ते विधान तपासण्याची निकड कोणाला भासली नाही.

११/ आता आपण रशियात येऊ. १ डिसेंबर १७२९. ख्रिश्चन गोल्डबाख हा विद्वान तेव्हा मॉस्कोत होता. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या लिओनार्ड ऑयलरला लिहिलेल्या पत्राच्या ताजा कलमात त्याने सहज विचारले : या सर्व संख्या मूळ असतात, हे फर्माचे निरीक्षण आपणांस ठाऊक आहे काय? आपण ते सिद्ध करू शकत नाही, असे तो म्हणाला होता. आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याच्यानंतरही कोणी ते सिद्ध केलेले नाही.

१२/ ऑयलरने प्रथम हा प्रश्न फारसा मनावर घेतला नाही. गोल्डबाखने पुन्हा छेडले. जुलै १७३० च्या पत्रात त्याने एक सुंदर गोष्ट दाखवली : कोणत्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसतो. कारण पहिल्या काहींचा गुणाकार करून त्यात २ मिळवले की पुढची संख्या मिळते. ३ गुणिले ५ अधिक २ म्हणजे १७. पाचही गुणून पाहा : ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. अर्ध्या पटावरील दाण्यांची हीच ती बेरीज.

१३/ या पत्रव्यवहारातून ऑयलर फर्माच्या लेखनाकडे वळला, आणि अंकशास्त्र हा त्याचा आयुष्यभराचा ध्यास झाला. २६ सप्टेंबर १७३२ रोजी अकादमीपुढे मांडलेल्या एका छोट्या निबंधात त्याने जाहीर केले की सहाव्या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो. निबंध १७३८ मध्ये छापला गेला. ६४१ पर्यंत आपण कसे पोहोचलो, याचा खुलासा त्यात नव्हता. त्यामागचा नियम सिद्धतेसह १७५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आला.

१४/ तो नियम समजण्यासाठी घड्याळ आठवा. समजा एखाद्या मूळ संख्येने २ चा ३२ वा घात अधिक १ या संख्येला भाग जातो. मग २ च्या ३२ व्या घाताला तिने भागले तर पूर्ण भागाला १ कमी पडतो, म्हणजे बाकी उणे १ मानता येते. उणे १ चा वर्ग १, म्हणून ६४ व्या घाताची बाकी १. दोनाच्या घातांच्या बाक्या अशा रीतीने ६४ पावलांनी पहिल्यांदा १ वर येतात आणि चक्र नव्याने सुरू होते. लघु सिद्धांत सांगतो की मूळ संख्येतून १ वजा केल्यावर जितके उरते, तितक्या पावलांनीही बाकी १ च असते. तेव्हा ती पावले ६४ च्या पटीतच असणार.

१५/ निष्कर्ष असा : सहाव्या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या एखाद्या पटीपेक्षा १ ने अधिक असतो. या साच्यात बसणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. आपल्या संख्येला त्यांनी भागले तर बाकी अनुक्रमे १०९, २, ३२५, २८८ आणि शून्य. पाचव्या भागाकारात निकाल. हा साचा ठाऊक नसता तर ६४१ पर्यंत पोहोचण्यापूर्वी ११५ मूळ संख्या ओलांडाव्या लागल्या असत्या, कारण ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे.

१६/ भागाकार येतो ६७,००,४१७. ही संख्या तरी मूळ आहे का? तिचे वर्गमूळ २,५८९ हून कमी आहे आणि विभाजकांचा साचा तोच. लहान चार उमेदवार आधीच बाद झाले आहेत. उरतात ६४१, ७६९, १,१५३, १,२१७, १,४०९, १,६०१ आणि २,११३. एवढ्या सात भागाकारांत कोठेही बाकी शून्य येत नाही. म्हणजे ६७,००,४१७ मूळ आहे, आणि ४,२९,४९,६७,२९७ ची कुंडली अवघ्या बारा भागाकारांत पूर्ण होते.

१७/ पुढे गणितज्ञांना असा मार्ग सापडला की ज्यात तो दहा अंकी भागाकार मांडावाही लागत नाही. ६४१ चे दोन चेहरे पाहा : ते ५ × १२८ + १ आहे आणि ६२५ + १६ ही आहे. १२८ म्हणजे २ चा ७ वा घात, ६२५ म्हणजे ५ चा ४ था, १६ म्हणजे २ चा ४ था. पहिल्या चेहऱ्यानुसार ५ × १२८ ची बाकी उणे १. त्याचा चौथा घात केला की ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १. दुसऱ्या चेहऱ्यानुसार ६२५ च्या जागी उणे १६ लिहिता येते. म्हणून उणे (२ चा ३२ वा घात) याची बाकी १, आणि २ चा ३२ वा घात अधिक १ याची बाकी शून्य.

१८/ या संख्येच्या वाट्याला एक अद्भुत प्रसंगही आला. झेरा कोलबर्न हा अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यातील मुलगा तोंडी हिशेबाच्या विलक्षण शक्तीमुळे प्रसिद्धीस आला. १८१२ मध्ये त्याला लंडनला नेण्यात आले, तेव्हा तो सात वर्षांचा होता. तेथे त्याला हीच संख्या घालण्यात आली, आणि त्याने ६४१ हा विभाजक तोंडी सांगितला, असे तत्कालीन वृत्तांत सांगतात. परीक्षकांनी ही संख्या निवडली यावरूनच कळते की ऑयलरच्या शोधानंतर ती किती नावाजली गेली होती.

१९/ फर्माचे विधान ढासळले. पण त्याच्या पाच मूळ संख्या वाया गेल्या नाहीत. ३० मार्च १७९६ रोजी, एकोणिसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, कार्ल फ्रीडरिश गाउसला उमगले की १७ बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी आणि कंपास वापरून काढता येतो. ग्रीकांच्या काळापासून कोणालाही हे सुचले नव्हते. अशी रचना कोणत्या विषम बाजूसंख्येला शक्य आहे, याचे उत्तर फर्माच्या मूळ संख्यांत दडले होते : एक फर्मा मूळ संख्या, किंवा निरनिराळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार. याखेरीज अन्य विषम संख्यांना ती शक्य नाही, याची सिद्धता १८३७ मध्ये पिएर वान्त्सेलने प्रसिद्ध केली.

२०/ ज्ञात फर्मा मूळ संख्या आजही पाचच आहेत. म्हणून पट्टी आणि कंपासने तत्त्वतः काढता येईल असा, आज ज्ञात असलेला सर्वांत मोठा विषम बाजूंचा सुसम बहुभुज ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा आहे. अर्ध्या पटावरील दाण्यांइतक्याच बाजू. सहावी संख्या मूळ निघाली असती तर ही मर्यादा तेथे राहिली नसती.

२१/ सातवी संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात अधिक १ : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. संपूर्ण पटावरील दाण्यांपेक्षा दोनाने अधिक. १८५५ मध्ये थॉमस क्लाउझेनने गाउसला लिहिलेल्या पत्रात तिचे अवयव कळवले होते, परंतु ते जगापुढे आले नाहीत. १८८० मध्ये फॉर्च्युने लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने कित्येक महिन्यांच्या परिश्रमांनंतर तेच अवयव प्रसिद्ध केले : २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. तेव्हा लांद्रीचे वय ८२ होते.

२२/ दरम्यान १८७७ मध्ये तेओफिल पेपँने फर्मा संख्यांसाठी अशी कसोटी दिली की तीत एकही विभाजक न शोधता संख्या मूळ आहे की नाही हे ठरते. तिच्या आधारे आठवी आणि नववी संख्या मूळ नाहीत, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाताने आकडेमोड करून दाखवले गेले. आठव्या, ३९ अंकी संख्येचे अवयव मात्र संगणकाच्या साहाय्याने १९७० मध्ये सापडले. संख्या फुटते हे कळणे आणि ती कोठे फुटते हे कळणे यांत इतके अंतर असू शकते.

२३/ सहाव्या संख्येपासून तेहेतिसाव्यापर्यंत एकही मूळ नाही, हे आता निश्चित झाले आहे. तेहेतिसाव्या संख्येत २ चा घातांकच ४,२९,४९,६७,२९६ आहे, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा फक्त १ ने कमी. ती संख्या लिहायला १२९ कोटींहून अधिक अंक लागतील. तरीही तिचा एक विभाजक चौदाच अंकी आहे : २,५४,०९,०२,६५,२३,१३७. तो ऑयलरने दाखवलेल्या साच्यातच बसतो. चौतिसाव्या संख्येचा निकाल अजून लागलेला नाही.

२४/ या क्रमातील शेवटची ज्ञात मूळ संख्या, ६५,५३७, आज आपल्या अगदी जवळ असते. आंतरजालावरील सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांत जेथे आरएसए पद्धतीचे कुलूप वापरले जाते, तेथे सार्वजनिक किल्लीचा घातांक म्हणून बहुधा हीच संख्या असते. द्विमान पद्धतीत ती लिहिताना दोन टोकांना १ आणि मध्ये पंधरा शून्ये येतात. त्यामुळे तिचा घात काढायला सोळा वेळा वर्ग आणि एक गुणाकार पुरतो. आणि त्या कुलपाचा भरवसा कशावर आहे? प्रचंड संख्येचे अवयव शोधणे अवघड असते, या अनुभवावर.

२५/ फर्माची चूक ही त्याच्या थोरवीवरचा डाग नव्हे. सिद्धता नाही हे १६४० मध्ये त्यानेच लिहिले होते. विधान कोसळले तेही त्याच्याच सिद्धांताच्या आधाराने. त्याच्यानंतरच्या जगाने मात्र शंकेचा भाग विसरून विधान तेवढे जपले. गोल्डबाखने त्या शंकेची आठवण ठेवली, आणि ऑयलरने थोरामोठ्यांचे नाव बाजूला ठेवून भागून पाहिले. पाच उदाहरणे जुळली म्हणजे सहावे जुळेलच असे नाही, हे सांगणारे प्रमाण आजही कोणालाही घरी पडताळता येते. कागद घ्या आणि ६७,००,४१७ ला ६४१ ने गुणा. दोन मिनिटे पुरतील.